पाहुण्यांनी ठेवून दिलेला चहा

"शिस्टर, तुमचं रगत किती हाय?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी उपकेंद्रात नर्स. भोकर तालुक्यातली चार गावं आणि दोन वस्त्या माझ्याकडं. दर मंगळवारी गरोदर बायांची तपासणी असते. वजन, बीपी, बोटाला टोचून रक्त, आणि शेवटी माझं भाषण. प्रश्न विचारणारी पोरगी खडी केंद्राजवळच्या दगड फोडणाऱ्यांच्या वस्तीवरची होती. वय एकोणीस-वीस, सातवा महिना, आणि रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, साडेसहा.

साडेसहा म्हणजे काय, ते सांगते. अशा बाईचं बाळंतपणात चार घोट रक्त जास्त गेलं तरी ती हातची जाते. नोकरीच्या सुरुवातीला अशी एक बाई मी जाताना पाहिली आहे. तिचा हात माझ्या हातात होता. तेव्हापासून साडेसहा हा आकडा दिसला की मी ओरडते. काळजी वाटली की ओरडायचं, ही माझी जुनी खोड आहे.

त्या पोरीला दोन महिन्यांपासून लोहाच्या लाल गोळ्या चालू होत्या आणि रक्त तसूभर वाढलं नव्हतं. "गोळ्या खातीस का फेकून देतीस?" म्हटलं. तर म्हणाली, रोज खाते. सकाळी खदानीवर जायच्या आधी कपभर चहा, त्यात बुडवून दोन टोस, आणि त्याच चहाच्या घोटाबरोबर गोळी. मी कपाळावर हात मारला. चहा लोहाला अंगी लागूच देत नाही. गोळीच्या आगंमागं दोन-दोन तास चहा नको, खरं तर नकोच मुळी, काय ठेवलंय त्या चहात, असं मी तावातावानं सांगत होते. नेमकं तेव्हाच आशाताईनं माझ्यासमोर चहाचा कप आणून ठेवला. वर वाफ, बाजूला दोन बिस्किटं.

बाया फिसकन हसल्या. आणि मग त्या पोरीनं, अगदी भाबडेपणानं, तो प्रश्न विचारला.

माघार घ्यायची माझी जात नाही. मी सगळ्यांदेखत बोटाला टोचलं आणि मशीन सगळ्यांना दिसेल असं धरलं. नऊ पॉइंट चार. बाईला निदान बारा पाहिजे म्हणून भिंतीवर मीच तक्ता चिकटवलेला आहे. तो माझ्या डोक्याच्या बरोबर वर होता. एका बाईनं पदर तोंडात कोंबला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझ्या तोंडावर कुणी म्हटलं नाही, एवढीच त्यांची सभ्यता.

पोरीचं काम गोळ्यांवर भागणार नव्हतं. तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन लोहाचं सलाईन लावायला हवं होतं. तिच्या सासूला दवाखान्याची भीती, रक्त काढून घेतात म्हणून. दारात उभ्या असलेल्या त्या सासूला मी अर्धा तास समजावलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही संगं येणार असाल तर येत्या सोमवारी धाडते. तुमच्यावर इस्वास हाय म्हून." मी हाव म्हटलं. सोमवारची ॲम्ब्युलन्स लावली आणि घरी आले.

पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी किती चहा पिते, हे मी कधी मोजलंच नव्हतं. दुसऱ्यांची नाडी मोजण्यात जन्म गेला. त्या संध्याकाळी बोटांवर मोजत बसले. उठल्यावर एक, आंघोळीनंतर एक, उपकेंद्रात पोचल्यावर एक, मग प्रत्येक घरभेटीला लोक पाजतात ते, चारचा, घरी आल्यावरचा, आणि अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, बातम्या बघताना अर्धा-अर्धा. नऊ. नऊ कप! आणि बायांना सांगायचं, बंद करा.

मग मला वेगळंच कुतूहल लागलं. सोडला तर काय होतं? खरंच काय होतं? मी बायांना इतक्या सहज सांगते, पण त्यांच्या अंगात काय होतं ते मला कुठं माहीत आहे? ठरवलं, बुधवारपासून बंद. कुणाला सांगायचं नाही, कारण जमलं नाही तर पंचक्रोशीत हसं व्हायचं. एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर रेघा मारल्या आणि वर लिहिलं, वेळ, डोकं, स्वभाव. पेशंटही मीच आणि नर्सही मीच.

बुधवारी दुपारपर्यंत काही नाही. मनात म्हटलं, हात्तिच्या, लोक उगीच बाऊ करतात. दोन वाजता जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. चार वाजता डोकं. नेहमीचं नाही. डोळ्यांच्या मागं कुणीतरी आतून अंगठे दाबून राहिलंय, असं. पाच वाजता लसीचं रजिस्टर सापडेना म्हणून आशाताईवर इतकी ओरडले की ती रडकुंडीला आली, आणि रजिस्टर माझ्याच पिशवीत निघालं. काखेत कळसा! तिला सॉरी म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. "स्वभाव" या खान्यात लिहिलं, "वाईट."

गुरुवारी सकाळी तर उशीवरून डोकं उचलवेना. अंग कणकणल्यासारखं, पण थर्मामीटर म्हणे ताप नाही. बाजारपेठेतल्या मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणली आणि घेतली. अर्ध्या तासात डोकं लख्ख! दुपारी आणखी एक घेतली. रजिस्टरच्या पानावर मोठ्या ऐटीत लिहिलं, "दुसऱ्या दिवशी त्रास संपला."

माझी लेक लातूरला खोली करून राहते, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी. संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा मी फुशारकी मारली. ती मग म्हणाली, "आई, त्या गोळीच्या पाकिटामागं काय लिहिलंय वाच." चष्मा लावला. अक्षरं मुंगीएवढी. पॅरासिटामॉल, आणि त्याच्याखाली कॅफिन.

"म्हणजे?"

"म्हणजे तू चहा गिळून राहिलीस, आई. गोळीतून." आणि खी खी करून हसली. सव्वीस वर्षं औषधं वाटणारी बाई मी, अन् पाकीट उलटं करून बघितलं नाही! मग तिनं नीट सांगितलं. रोज कॅफिन मिळायची सवय लागलेली असते, ते तुटलं की डोक्यातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून डोकं ठणकतं. दोन-तीन दिवस लई जोर, मग उतरतं. एकदम सोडण्यापेक्षा रोज थोडं थोडं कमी केलं तर एवढं होत नाही. "तू मला शिकवू नको," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग पाकीट कचऱ्यात टाकलं. पोरगी बरोबर होती, त्याचाच राग आला होता.

डोकं धरून पडले असताना माय आठवली. सुगीच्या दिवसांत ती अंधारात उठून रानात जायची. तेव्हा चूल पेटवायला सवड नसायची, म्हणून चहा नाही. दुपारपर्यंत तिचं डोकं चढायचं. कपाळाला फडकं आवळून बांधायची आणि म्हणायची, ऊन लागलं. घरी येऊन कपभर चहा प्यायली की म्हणायची, उतरलं बाई ऊन. आमच्या गावातल्या कितीतरी बायांना असं ऊन लागायचं आणि चहानं उतरायचं. ते ऊनच होतं का? एवढा साधा विचार मला पन्नाशीत सुचावा! आता माय नाही. विचारायचं कुणाला.

मग मागं मागं जात मी माझा पहिला चहा शोधायला लागले. तो सापडला आणि मी उठून बसले.

आम्ही बौद्ध. आमचे अण्णा गावातले पहिले शिकलेले, शाळेत मास्तर. गावाला अर्ज लिहून पाहिजे असला, सातबाऱ्यातलं काही कळत नसलं, पोराचा दाखला अडला, की सगळे आमच्याकडं यायचे. दारापुढच्या बाजेवर बसायचे. अण्णा कागद लिहायला घ्यायचे आणि आत आवाज द्यायचे, "चहा टाक." माय चांगल्या कपबश्यांतून चहा पाठवायची. कप बाजेच्या कडेला ठेवला जायचा. आणि कारणं सुरू व्हायची. आत्ताच घेऊन आलो, मास्तर. गुरुवार हाय. पित्त हाय. पुढं पुढं पित्ताची ॲसिडिटी झाली, एवढीच सुधारणा. अण्णा कधी आग्रह करायचे नाहीत, कधी चिडायचे नाहीत. अर्ज लिहून द्यायचे. माणूस गेला की आतून मायचा प्रश्न, "घेतला का?" आणि अण्णांचं उत्तर, "न्हाई. कप उचल."

ते कप मी उचलायचे. सहा-सात वर्षांची असेन. चहा गार झालेला, वर साय धरलेली. मोरीपाशी नेऊन ओतायचा, असं मायनं सांगितलेलं. मी मोरीपाशी न्यायचे आणि भिंतीकडं तोंड करून पिऊन टाकायचे. आमचा घरातला चहा कोरा, पाणचट, फुळकवणी. पाहुण्यांचा मात्र दुधाचा, आणि गोड. इतका गोड की शेवटच्या घोटात साखर दाताखाली यायची. मला वाटायचं, पाहुण्यांचा मान म्हणून माय एवढी साखर टाकते. रोज एक-दोन कप तरी उरायचेच. जास्त माणसं आली की माझी चंगळ. माणसं का पीत नाहीत, हा प्रश्न मला लई उशिरा पडला. तोपर्यंत सवय लागून गेली होती.

म्हणजे माझं चहाचं व्यसन हे लोकांनी न घेतलेल्या चहाचं. हे रजिस्टरच्या कुठल्या खान्यात लिहायचं, मला कळेना. अण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे, माझ्याकडंच असतात, पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना सांगावंसं वाटलं. पण डोकं इतकं ठणकत होतं की बोलायचाही कंटाळा आला.

शुक्रवारी, तिसऱ्या दिवशी, मी वस्तीवर गेले. सोमवारची आठवण द्यायची होती आणि पोरगी गोळी नीट घेते का ते बघायचं होतं. वस्ती म्हणजे पंधरा-वीस खोपटी, पत्रे, ताडपत्र्या, आणि सगळ्यावर खडी केंद्राची पांढरी धूळ. त्या मशीनचा आवाज आधीच डोक्यात घण घालत होता. मी पोरीला म्हटलं, माझ्यासमोर गोळी घे. तिनं पाण्याबरोबर घेतली. शाबास म्हटलं. तेवढ्यात सासू बाहेरून आली, मला बघून लगबगीनं आत गेली. तीन दगडांच्या चुलीवर तिनं भगुलं चढवलं. शेळी पिळून दूध आणलं. मी वहीत लिहीत होते, माझं लक्ष नव्हतं. मग तिनं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कप काढला. फुलाफुलांचा, कान असलेला. तो धुतला, पदरानं पुसला, आणि चहा भरून माझ्यापुढं धरला.

"कोंचम घ्या, शिस्टर." तिच्या बोलीत तेलगू मिसळलेलं असतं. कोंचम म्हणजे थोडंसं.

त्या वासानं काय झालं, ते मलाच माहीत. तोंडाला पाणी सुटलं, डोकं आणखी ठणकलं. तीन दिवस काढले होते मी! आता एक घोट घेतला की रजिस्टरचं पान फुकट. हे सगळं तिला सांगायचं म्हणजे पुन्हा बोलायचं, समजवायचं, आणि मशीनच्या त्या आवाजात ओरडून. मला कशाचाच धीर नव्हता. मी हात आडवा केला आणि म्हटलं, "नको मावशी. ॲसिडिटी हाय."

"बरं," ती म्हणाली. कप तसाच सुनेकडं दिला. "घे. वाया नको."

आणि पोरीनं माझ्यासमोर, गोळीवर, तो चहा पिऊन टाकला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, आत्ता काय सांगितलं मी?" म्हणून ओरडले, सोमवारी नऊला तयार राहा म्हणून बजावलं आणि गाडीला किक मारली. वाटभर स्वतःशीच बडबडत होते, या लोकांना काही सांगायची सोय नाही म्हणून. हो, मी "या लोकांना" असंच म्हटलं. कबूल करते.

शनिवार-रविवारी डोळ्यांमागचे ते अंगठे सैल झाले. सोमवारी सकाळी तर नवल वाटलं. झोप पूर्ण झालेली, छाती धडधडत नव्हती, डोकं हलकं. मी ॲम्ब्युलन्स घेऊन वस्तीच्या फाट्यावर उभी राहिले. नऊ वाजले. साडेनऊ. दहा वाजता आशाताईला आत पाठवलं. ती एकटीच परत आली, मान खाली घालून.

"येत न्हाईत म्हणाले."

"का?"

ती सांगेना. मी दरडावलं, तेव्हा बोलली. "म्हातारी म्हणती, आमच्या हातचा च्या त्या बाईला चालत न्हाई, तर तिच्या गोळ्या अन् तिचा दवाखाना आम्हाला कशाला चालावा?"

मी? मला म्हणाली? मी, जिच्या बापानं जन्मभर हे सोसलं, ती शिवाशिव पाळणार? रागानं मला घाम फुटला. दिवसभर एकाही माणसाशी धड बोलले नाही. संध्याकाळी घरी आले, पर्स आदळली आणि अण्णांपुढं सगळं ओकले. त्यांनी माझी बाजू घ्यावी, म्हातारीला चार शब्द लावावेत, म्हणून सांगत होते. अण्णांनी पेपरची घडी घातली. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"कारण काय सांगितलंस तिला?"

"ॲसिडिटी."

अण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.  आणि मी उभी होते तिथंच खाली बसले. जगातली सगळी कारणं सोडून मी तेच सांगितलं होतं! सहा वर्षांची असल्यापासून ऐकलेलं, तोंडपाठ झालेलं. माझं कारण खोटंच होतं, आणि खरं असतं तरी तिला कसं कळणार? आमच्या बाजेवर बसणाऱ्या माणसांपैकीही एखाद्याला खरंच पित्त असेल. आम्हाला कुठं कळत होतं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. माझं तर जळलेलं होतं, तरी मला कळलं नाही.

"आता काय करू, अण्णा?"

"मला काय विचारतीस? आपल्याकडं परत येऊन कुणी चहा मागितला न्हाई कधी." एवढं बोलून त्यांनी पुन्हा पेपर उघडला.

मंगळवारी उजाडता उजाडता मी वस्तीवर गेले, ती माणसं खदानीवर जायच्या आत. थंडी मरणाची. म्हातारी चुलीपुढं बसली होती. मला बघून उठली नाही. पोरगी दाराशी उभी. ओठ पांढरे, पायांवर सूज. 

मी चुलीजवळ मातीतच बसले. "मावशी, च्या पाजा."

"दूध न्हाई," ती म्हणाली. शेळी दोन हातांवर बांधलेली होती.

"मग कोरा द्या."

"साखर सपली."

"गुळाचा द्या."

"गूळ बी न्हाई."

"पत्ती तरी हाय का?"

"न्हाई."

"मग नुसतं पाणी उकळून द्या, मावशी. पण तुमच्या हातानं द्या. दिल्याशिवाय मी उठत न्हाई हितून. बसा मला सांभाळत."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "अन् तुमची ॲसिडिटी?"

"खोटं बोलले."

मग मी सगळं सांगितलं. सुनेचा प्रश्न, माझं नऊ पॉइंट चार, नऊ कप, डोकं, गोळीतलं कॅफिन, रजिस्टरचं पान. पोरगी तोंडावर हात धरून हसायला लागली. म्हातारी हसली नाही. लाकूड आत सारत म्हणाली, "आमचं पाणी बी लोक घेत न्हाईत, बाई. त्याचं काय न्हाई, आम्हाला सवय हाय. पर तुमच्या गाडीवर निळं चक्कर हाय. तुम्ही घ्याल, असं वाटलं व्हतं."

मला रडू आलं. पेशंटपुढं मी रडत नाही, पण त्या दिवशी रडले. पदर नव्हता, ओढणीनं नाक पुसलं. ती उठली. गूळ निघाला. पत्ती निघाली. फुलाफुलांचा कप काही निघाला नाही. त्यांच्या नेहमीच्या चेपलेल्या स्टीलच्या पेल्यात तिनं कोरा चहा ओतला, एक मला, एक तिला स्वतःला. मी प्यायले. जिभेला चटका बसला तरी प्यायले. सहा दिवसांनी पोटात चहा गेल्यावर काय होतं, त्याची नोंद करायची तर कानशिलं गरम झाली आणि छाती धडधडायला लागली. ती चहानंच धडधडली असेल, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

पोरीनं सवयीनं पेल्याकडं हात केला. मी काही म्हणायच्या आत सासूनंच तिच्या हातावर चापट मारली. "तू गोळी खा आधी. च्या मागनं." मग मी तिला सांगितलं, एकदम सोडू नको, डोकं फुटेल, माझं फुटलं होतं. आज पेला भरून घेतेस तर उद्या पाऊण घे, चार दिवसांनी अर्धा. गोळी रात्री जेवून घे, लिंबू असलं तर पाण्यात पिळून. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाला चहा सोड म्हणून न ओरडता सांगितलं असेल. ती म्हणाली, "डोस्कं दुखलं तर तुमाला फोन लावू?" म्हटलं, लाव.

म्हातारीनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, विझवलं, आणि डोक्यावरून पदर घेतला. "कुठाय तुमची गाडी?"

ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती तासाभरानं आली. मंगळवारची तपासणी बुधवारवर ढकलली आणि आम्ही तिघी गेलो. लोहाचं सलाईन लागलं, मग एका दिवसाआड पुन्हा, आणि पुन्हा. म्हातारी दर वेळी सुई टोचताना सुनेऐवजी माझा हात घट्ट धरून बसायची. महिन्यानं पोरीचं रक्त नऊ पॉइंट दोन झालं. तेव्हा माझं नऊ पॉइंट आठ. ती मला गाठणार, हे दिसतच होतं. पुढं बाळंतपण दवाखान्यातच झालं. मुलगी झाली, अन् पोरगी धडधाकट घरी गेली. माझे चहा आता दोनवर आलेत. एक सकाळी, अण्णांबरोबर. दुसरा घरभेटीत कुणी देईल तिथं, आणि कुणी दिला तर मी नाही म्हणत नाही. तेवढं रक्त कमी राहिलं तरी चालेल.

पण त्या मंगळवारचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी घरी आले तर अण्णा अंगणातच खुर्ची टाकून बसलेले. चपला काढायच्या आधीच विचारलं त्यांनी.

"दिला का त्यांनी?"

"दिला."

"प्यायलीस?"

"सगळा. पेला चाटून."

त्यांनी मान हलवली. ऊन उतरलं होतं. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले, आणि चौथीतल्या पोरीसारखं खाली बघत सांगून टाकलं. "अण्णा, लहानपणी ते कप असायचे ना, लोक ठेवून जायचे ते. माय म्हणायची मोरीत ओत. मी ओतत नव्हते. मी प्यायचे. मोरीच्या भिंतीकडं तोंड करून."

अण्णा हसले. दात नसलेलं हसू.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "ते काही पिणार नाहीत, हे मला आधीच कळायचं. म्हणून तर तुझ्या मायला साखर जास्त टाकायला सांगायचो."